एक्स्चेंज सेमिस्टरला विषय कसे निवडायचे?

प्रश्न: एका सेमिस्टरसाठी युरोपात जायचंय. यादीत शेकडो कोर्स दिसतात. नेमके कुठले घेता येतात?

उत्तर १: एक्स्चेंजवाल्यांची वेगळी यादी असेल तर तीच उघडा, बाकीचे बरेच कोर्स पाहुण्यांना बंद असतात. मग शिकवण्याची भाषा, सेमिस्टर आणि पूर्वअट बघा. सेमिस्टरला ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, धरतात. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, नुसती लेक्चरं नव्हेत.

उत्तर २: दोन-तीन पर्यायी विषयही आधीच मंजूर करून घ्या. वेगवेगळ्या विभागांतले विषय घेतले की तास हमखास एकमेकांवर येतात.

उत्तर ३: विषय बदलला की लर्निंग ॲग्रीमेंटही (तिथे कुठले विषय घेणार याचा लेखी करार) बदला: तुमची, इथल्या आणि तिथल्या विद्यापीठाची, तिन्ही सह्या हव्यात. प्राध्यापकांच्या तोंडी होकारावर क्रेडिट मिळत नाहीत, कितीही गोड बोलले तरी.