वडिलांच्या आठवणींची पुस्तिका करत आहोत. भावकीतील अबोल्याची वर्षे त्यात लिहावीत का?

आर्वीकडची लेक

नमस्कार. माझे माहेर आर्वी तालुक्यातील एका लहान गावी आहे. बाबा गेल्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी गेले. कपाशी आणि तूर करणारे पाच एकरांचे शेतकरी, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी वाजवणारे, आणि आठवडी बाजारातून परतताना आलूबोंड्यांचा पुडा स्वतः न खाता घरापर्यंत आणणारे. (आई म्हणते की एक ते वाटेतच खात असत आणि दोरा पुन्हा नीट बांधत असत.)

तेरवीला नऊ जण श्रद्धांजलीपर बोलले. मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी होते आणि त्यांत खोटे काहीच नव्हते. तरीही त्या भाषणांत मला माझे बाबा सापडले नाहीत, कारण महिनाभरापूर्वी गावातल्याच दुसऱ्या एका गृहस्थांच्या तेरवीला हेच शब्द मी ऐकले होते. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. तान्ह्या पोळ्यासाठी बाबा प्रत्येक नातवाला सागाचा बैल करून देत असत. त्याच्या बैलाला चाके बसवायची राहून गेली. तो मोठा झाल्यावर आजोबा कसे होते हे त्याला वाचता यावे, म्हणून वर्षश्राद्धापूर्वी एक लहानशी पुस्तिका तयार करण्याचे आम्हा भावंडांनी ठरवले आहे.

अडचण एका प्रसंगाची आहे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बाबांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा तीन वर्षे अबोला होता. मी तेव्हा लहान होते. तो कसा मिटला हे मला ठाऊक नाही आणि बाबांनी कधी सांगितले नाही. काका हयात आहेत, बाबांच्या तिरडीला पहिला खांदा त्यांनीच दिला. हे लिहावे की गाळावे?

दारव्ह्याचा वाचक

ताई, माझे मत स्पष्ट आहे: लिहू नये. भावकीतले उणेदुणे एकदा छापले गेले की ते घरचे राहत नाही, आणि गेलेला माणूस स्वतःची बाजू मांडायला येत नाही. तुमचे वडील सेवा मंडळाचे होते, म्हणून सुचवतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी झाले, आणि दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात गुरुकुंज मोझरीला त्याच मिनिटाला हजारो माणसे मौन श्रद्धांजली वाहतात. मी तिथे अनेकदा उभा राहिलो आहे. एवढ्या गर्दीत कुणी खोकतसुद्धा नाही. वडिलांच्या जाण्याच्या वेळी घरातल्या सर्वांनी तसे उभे राहावे, सामुदायिक प्रार्थना म्हणावी, खंजिरी मधोमध ठेवावी. पुस्तकाची गरजच पडणार नाही.

निवृत्त गुरुजी, वरूड

मौनाबद्दल मला आदरच आहे, परंतु सहा वर्षांच्या मुलाला मौनातून आजोबा कळणार नाहीत, म्हणून मी लिहिण्याच्या बाजूने आहे. माझ्या थोरल्या बंधूंच्या आठवणी मी अशाच गोळा केल्या आणि त्यात एक मोठी चूक केली: प्रत्येकाला “दादा कसे होते?” असे विचारले. त्यावर सर्वांनी “देवमाणूस” एवढेच उत्तर दिले आणि माझी वही कोरी राहिली. पुढे त्यांचा अडकित्ता खिशात घालून जाऊ लागलो. तो समोर ठेवला की माणसे आपोआप बोलू लागत, संत्र्याचा बगीचा वाळला त्या उन्हाळ्यात ते कुठे बसून सुपारी कातरत आणि कुणाला शिव्या देत, इथपर्यंत. तुम्ही खंजिरी घेऊन जा. आणि सर्वांत आधी आईंजवळ बसा, मोबाइलवर त्यांचा आवाज मुद्रित करा. आलूबोंड्याचा दोरा कंसात टाकण्याजोगा नाही, माझ्या मते पुस्तिकेची सुरुवात तिथूनच व्हावी.

अबोल्याचे म्हणाल, तर तो ज्यांच्याशी होता ते हयात असताना तुम्ही त्यांना न विचारता लिहिणेही चूक आणि न विचारता गाळणेही चूक. आधी त्यांच्या ओसरीवर जा.

जाता जाता एक. वर्षश्राद्धाचे जेवण ऐपतीपुरतेच ठेवा. सणाला किंवा दिवसांच्या जेवणाला कर्ज काढू नका, हे गाडगेबाबांनी आपल्याच भागात गावोगाव कीर्तनांतून सांगितले, आणि तरीही तेरवीसाठी शेत गहाण पडलेली घरे मी पाहिली आहेत.

बंडीवरचा मुलगा

मीही कापूस पिकवणाऱ्याचाच मुलगा आहे. गुरुजींच्या सूचनेला एक जोड देतो: वडील रात्री कुणाबरोबर थांबत असत ते शोधा. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा, आणि त्या काळात खरेदीच्या सेंटरवर बंड्यांच्या (बैलगाड्यांच्या) लांबच लांब रांगा लागत असत. नंबर लागेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन रात्री बंडीखालीच निजायचे, बैलांचा चारा घरून न्यायचा, भाकरी संपली की शेजारच्या बंडीकडून घ्यायची. माझे वडील घरात मोजकेच बोलत. त्यांच्याविषयी मला जे काही कळले ते रांगेतल्या सोबत्यांकडून कळले. अशी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत. वर्षश्राद्धाची वाट पाहू नका.

आर्वीकडची लेक

सर्वांचे आभार. दारव्ह्याच्या दादांचे म्हणणे अर्धे मान्य केले आहे. वर्षश्राद्धाला बाबांच्या वेळेवर मौन आणि प्रार्थना होईल.

सेंटरवर बाबांबरोबर कोण असे, असे आईला विचारले. ती म्हणाली, काकाच असत, अबोल्याच्या काळातही दोन्ही बंड्या एकाच पहाटे गावातून निघत. परवा खंजिरी घेऊन काकांकडे गेले. त्यांनी ती बराच वेळ हातात धरली, झांजांवरची धूळ धोतराने पुसली, आणि मग सांगितले. रांगेतली दुसरी रात्र होती, थंडी कडक होती आणि काकांचे पांघरूण घरी राहिले होते. बाबांनी मागच्या बंडीवरून येऊन, काही न बोलता, आपली वाकळ त्यांच्या अंगावर टाकली. काकांनी ती परत नेऊन टाकली. पहाटे जाग आली तेव्हा वाकळ पुन्हा त्यांच्याच अंगावर होती आणि बाबा सरकीच्या रिकाम्या पोत्यांत पाय खुपसून बसले होते. “च्या घेतं काय बे?” एवढेच काका म्हणाले. अबोला तिथे मिटला.

हे लिहू का, असे विचारल्यावर ते म्हणाले की अवश्य लिही, परंतु वर्षे तीन नव्हे, चार लिही, आणि धुऱ्याचा दगड मी हलवला नव्हता, हेही लिही. आईच्या मते तो त्यांनीच हलवला होता. दोघांचेही म्हणणे उतरवून घेतले आहे.