हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत
पक्ष्याच्या पिल्लाला माणसाचा हात लागला की आई त्याला टाकून देते, असं बरेच जण म्हणतात. ते खरं नाही. गेल्या मे महिन्यात आमच्या ऐरोलीच्या बाल्कनीत, मधुमालतीच्या वेलात लालबुड्या बुलबुलांनी घरटं केलं होतं. एक पिल्लू खाली पडलं, अंगावर धड पिसंही नव्हती. ओंजळीत घेऊन परत ठेवलं, तर दहा मिनिटांत आई चोचीत हिरवी अळी घेऊन हजर! एरवी फळं खाणारे हे पक्षी पिल्लांना किडे-अळ्या भरपूर भरवतात, म्हणून तेवढे दिवस कुंड्यांवर औषध मारू नका.

आणि हो, साधारण १२ दिवसांनी पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. पिसं भरलेलं पिल्लू खाली दिसलं तर घरात आणू नका. मांजराची भीती असेल तर जवळच्या झुडपात ठेवा, आईबाप तिथे येऊन भरवतात.