गोतावळा ग्रुप: दादाची दोन दारांची गाडी

वैशालीवहिनी: नमस्कार सगळ्यांना. घरातल्या गोष्टी ग्रुपवर काढू नयेत हे मलाही कळतं, पण घरात बोलून उपयोग होत नाहीये. ह्यांनी नवीन गाडी जवळजवळ ठरवली आहे. दोन दारांची! आईंच्या गुडघ्यांचं सगळ्यांना ठाऊक आहेच. कोणीतरी समजवा ह्यांना.

नंदू: वहिनी, मागच्या वेळी समजावलं होतं तेव्हा काय झालं? ती बोट आठवा, म्हणजे दादाची जुनी लांबलचक गाडी.

प्रकाशराव: बोट कसली, जहाज. लावायला बंदर लागायचं.

दादा: झालं सुरू. ती बोट ११ वर्षं चालली. तुझं दोन वेळा घर बदललं नंद्या, सामान कशातून गेलं रे?

नंदू: तेच तर म्हणतोय. बोटीतून थेट खेळण्यात कशाला उडी?

बाळूकाका: दार उघडायला जागा मोजली का?

दादा: आता शांतपणे वाचा. ऑफिस २१ किलोमीटर, जाऊन-येऊन ४२. गाडीत मी, एक बॅग, एक छत्री. गेला महिनाभर मी वहीत टिपून ठेवलंय. २४ दिवस ऑफिसला गेलो, त्यातले २२ दिवस शेजारची सीटही रिकामी, मागची तर सोडाच. रिकाम्या सीटांना रोज फिरवून आणायला मी पेट्रोल का जाळायचं?

मिनूताई: उरलेले दोन दिवस?

दादा: एकदा ऑफिसातले एक जण. एकदा आईची तपासणी.

मिनूताई: म्हणजे तपासणीला परत तूच. बरं.

नंदू: ताई, त्या "बरं"चा अर्थ काय?

मिनूताई: अर्थ काही नाही. बरं म्हणजे बरं.

प्रकाशराव: दादा, गाडी कुठली ते तरी सांगा. आमचं कुतूहल ताणू नका.

दादा: कॉमेट बघतोय. विजेची. लांबी २९७४ मिलिमीटर, म्हणजे तीन मीटरच्या आत. वळायला त्रिज्या ४.२ मीटर. बॅटरी १७.३ युनिटची. कंपनी २३० किलोमीटर सांगते, मी १५० च धरतो. तरी माझे तीन दिवस आरामात निघतात. रोजचे चार-पाच युनिट, बस.

बाळूकाका: दार उघडायला जागा मोजली का?

दादा: काका, तीन मीटरच्या आत आहे म्हटलं ना.

बाळूकाका: लांबी नाही विचारली.

नंदू: एक तांत्रिक शंका. मागे डिकीचं झाकण असतं, त्यालाही दार म्हणतात. म्हणजे ही तीन दारांची. वहिनी, तुमची तक्रार एक तृतीयांश कमी झाली.

वैशालीवहिनी: डिकीतून आईंना चढवायचं का नंदूभावजी?

ईशा: काका, मागून उघडणाऱ्या छोट्या गाडीला बाजारात तीन दारीच म्हणतात, ते खरंय. पण प्लीज आत्ता नको. इथे आईचा चेहरा बघताय का तुम्ही?

प्रकाशराव: दारांवरून आठवलं. १९५७ ची फियाट ५००, तिचीही दारं दोनच, आणि बिजागऱ्या मागच्या बाजूला. म्हणजे दार उलटं उघडायचं, कपाटासारखं. चालत्या गाडीत चुकून उघडलं तर वारा ते ओढून सताड करणार. १९६५ मध्ये त्यांनी बिजागऱ्या पुढे आणल्या.

नंदू: भावोजी, ह्या माहितीचं आम्ही काय करायचं?

प्रकाशराव: काही नाही. मन मोठं ठेवायचं. पुढच्याच गाडीची गंमत ऐका. १९५९ ची मिनी. सुवेझ कालव्याच्या भानगडीत पेट्रोलची टंचाई झाली म्हणून छोटी गाडी हवी होती. तिचा डिझायनर इसिगोनिस, त्याने इंजिन आडवं बसवलं आणि दहा इंची चाकं लावली. लांबी तीन मीटरच्या किंचित वर, पण आत चार माणसं. दारं दोनच. तेव्हा कोणाचे गुडघे दुखत नव्हते बहुतेक.

मिनूताई: तुम्ही जरा थांबता का? दादा, मी वर्षभर दोन दारांची चालवली आहे, भाड्याच्या घरासोबत मिळाली होती ती. एकट्या माणसाला छान आहे, खोटं कशाला बोलू. पण तीन गोष्टी कोणी सांगत नाही. दार लांब असतं म्हणून मधला खांब मागे जातो, त्यामुळे सीटबेल्टचा पट्टा खांद्याच्या बराच मागे लटकतो. रोज सकाळी मान पिरगाळून तो शोधायचा. दुसरं, मागच्या काचा बहुतेकदा उघडत नाहीत. तिसरं, मागच्या माणसाला स्वतःहून उतरता येत नाही. पुढच्याने उठायचं, सीट पाडायची, मग त्याने रांगत बाहेर यायचं. गाडीला काही झालं तर हे लक्षात ठेव.

दादा: हे पटलं. पट्ट्याचं मी बघितलंच नव्हतं.

नंदू: आणि विकताना? दोन दारांना गिऱ्हाईक कुठून आणणार? कंपन्यासुद्धा सोडून द्यायला लागल्या. रेनोची क्लिओ २०१२ पासून पाच दारीच आली, फोक्सवॅगनची पोलो २०१७ पासून. जगाला कळलं, दादाला कळायचंय.

दादा: विकायची कशाला? बोट ११ वर्षं ठेवली, ही १२ ठेवेन.

बाळूकाका: दार उघडायला जागा मोजली का?

दादा: काका, रात्री मोजतो. शब्द दिला.

नंदू: माझं एवढंच म्हणणं आहे की घरात एक तरी चार दारांची गाडी असावी.

मिनूताई: घरात आहे की. तुझी. सात सीटांची.

मिनूताई: गेल्या वर्षभरात आई त्यात किती वेळा बसली ते पण वहीत टिपून ठेव.

(नंदूने हा मेसेज डिलीट केला)

(नंदूने हा मेसेज डिलीट केला)

नंदू: मला मीटिंग आहे. संध्याकाळी बोलू.

प्रकाशराव: हवामान ढगाळ. कोणाला मिनीचे फोटो हवेत का?

वैशालीवहिनी: भांडण लावायला लिहिलं नव्हतं मी. विषय फक्त आईंचा होता.

ईशा: आजीने व्हॉइस नोट पाठवायला सांगितली होती, पण तिचा आवाज नीट आला नाही. ती बोलली तेच टाइप करते: "माझ्यावरून कोणी भांडू नका. मी मागे कधी बसले गं? माझी जागा पुढचीच. मला दार मोठं लागतं आणि सीट उंच. बोटीत खाली बसायला लागायचं तेव्हा गुडघा मोडायचा. मोठं दार असेल तर मला बरंच आहे. बाळूभावजींना म्हणावं, औषध घेतलं का ते कळवा."

बाळूकाका: घेतलं वहिनी.

दादा: वाचलंत सगळ्यांनी? मोठं दार! दोन दारी गाडीचं पुढचं दार चार दारीपेक्षा लांब असतं, पाय आत घ्यायला मोकळी जागा मिळते. आईचा प्रश्न मिटला. मी उद्या बुकिंग करून टाकतो.

मिनूताई: थांब दादा. तपासणीला आईबरोबर अजून कोण असतं?

दादा: वैशाली असते.

मिनूताई: आई पुढे. तू चालवणार. मग वहिनी कुठे?

प्रकाशराव: (शांतता)

वैशालीवहिनी: मागे.

वैशालीवहिनी: आईंना आधी उतरवायचं, उभं करून धरायचं, मग सीट पाडायची, मी रांगत आत. पोहोचल्यावर पुन्हा तेच उलटं. आईंना धरणार कोण, मी तर आत अडकलेली. म्हणून म्हणत होते. सगळ्यांनी गुडघे म्हटल्यावर आईंचेच धरले. माझंही वय ५३ झालंय.

दादा: तू हे आधी का नाही बोललीस?

वैशालीवहिनी: विचारलं कोणी?

ईशा: बाबा, आता दोन मिनिटं लिहू नका.

बाळूकाका: दार उघडायला जागा मोजली का?

ईशा: बाळूआजोबा, मीच खाली पार्किंगमध्ये जाऊन मोजून आले. भिंत ते खांब २४० सेंटिमीटर. ही गाडी १५० रुंद, ९० उरतात. आरसे सध्या विसरा. डावीकडे २० ठेवून लावली तर बाबांच्या बाजूला ७०. दोन दारी म्हणून दार १२० लांब धरलं, तर ते साधारण ३५ अंश उघडेल. तेच दार ९५ चं असतं तर ४७ अंश उघडलं असतं. म्हणजे तुमचा मुद्दा बरोबर आहे, लांब दार अडचणीच्या जागी कमी उघडतं. पण बोट १७० रुंद होती. बाबांच्या बाजूला ५० उरायचे. दार १०५ चं धरलं तर २८ अंशच. म्हणजे बोटीपेक्षा ही बरीच. दारांची लांबी अंदाजाने घेतली आहे, खरी गाडी मोजूनच कळेल.

बाळूकाका: शाब्बास. डावीकडच्या २० मध्ये तुझी आजी कशी उतरणार?

ईशा: गाडी आत लावायच्या आधीच उतरवायची. बोटीच्या वेळीही तसंच करायचो.

बाळूकाका: मग हे तुझ्या बाबाने मोजायला हवं होतं.

प्रकाशराव: काकांनी सामना जिंकला.

दादा: ठीक आहे. माझं चुकलं. मी २४ दिवसांचा हिशोब केला आणि पंचविसाव्याला वैशालीला डिकीत टाकलं. पण रोजच्या ४२ किलोमीटरसाठी मला अजूनही हीच गाडी योग्य वाटते, हेही खरं सांगतो. बोटीतून एकट्याने जाताना लाज वाटायची.

मिनूताई: मग घे ना. रोजच्यासाठी तीच घे. आईच्या तपासणीचे दिवस वेगळे काढा. महिन्यातून दोनदा कोणाची तरी सात सीटांची गाडी मोकळी असेलच.

वैशालीवहिनी: मला दोन दारांचा राग नाही. आधी मी मागे बसून बघणार. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून उपयोग नाही, ट्रायलला पाऊण तास बसते. त्यानंतर हो की नाही ते मी सांगेन.

दादा: शनिवारी जाऊ.

वैशालीवहिनी: आणि टेप तुम्ही घ्यायची.

बाळूकाका: आरशांसकट मोजा.

मिनूताई: @नंदू, मीटिंग संपली का? पुढची तपासणी गुरुवारी सकाळी साडेनऊला. आई पुढे, वहिनी मागे. दारं चार.

(नंदू टाइप करत आहे…)

(नंदू टाइप करत आहे…)

प्रकाशराव: १९९८ ची स्मार्ट नावाची गाडी कोणाला आठवते का? अडीच मीटर लांब, सीटा दोनच. मागे बसण्याचा प्रश्नच काढून टाकला होता बिचाऱ्यांनी.

नंदू: नऊला खाली थांबा.