मदत हवी आहे: ओएमडीला लिव्हरपूलमध्ये लाइव्ह ऐकायचंय, मुंबईहून आखणी कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडला राहते, दादा लालबागला. आम्हा दोघांना ओएमडी, म्हणजे ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क हा सिंथेसायझरवर गाणी करणारा इंग्लिश बँड, एकदा तरी प्रत्यक्ष ऐकायचा आहे. मामा मस्कतहून कॅसेट आणायचा तेव्हापासूनचं हे वेड. ऱ्हिदम हाऊस हे कॅसेट-सीडींचं दुकान 2016 साली बंद होईपर्यंत काळा घोड्याला गेलो की त्यांच्या सीडी शोधणं ठरलेलं असायचं. बँड सुरू करणारे अँडी मॅकक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज दोघंही आता पासष्टी पार केलेले. ते एकत्र गाताहेत तोवर जायचंच, असं घरात पक्कं झालंय. म्हणून तारखांची वाट न बघता आधीच तयारी करून ठेवायची आहे.

लिव्हरपूलच का, तर ही मंडळी मर्सी नदीपलीकडच्या विरल भागातली. सप्टेंबर 1975 मध्ये लिव्हरपूल एम्पायर या थिएटरात क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा कार्यक्रम झाला. सोळा वर्षांचा अँडी तिथे क्यू 36 नंबरच्या खुर्चीत बसला होता. तो नंबर त्याला अजून पाठ आहे! पुढे ऑक्टोबर 1978 मध्ये त्याच गावात एरिक्स क्लबमध्ये ओएमडीचा पहिला कार्यक्रम झाला. एका मुलाने एक कार्यक्रम लाइव्ह बघितला आणि त्यातून अख्खा बँड उभा राहिला. मला त्याच गावात त्यांना ऐकायचंय. एम्पायर तर लाइम स्ट्रीट स्टेशनच्या समोरच आहे, ते बाहेरून तरी बघायचंच.

दादाचा कल जर्मनीकडे आहे. तिथे ओएमडी फार लोकप्रिय, आणि शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो. 90 युरो फी, 30,000 युरोचा वैद्यकीय विमा, आणि साधारण 15 दिवसांत निर्णय, हे मी बघून ठेवलंय. ब्रिटनचा व्हिझिटर व्हिसा मात्र प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी मागता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यावर तीनेक आठवडे लागतात. माझी अडचण इथेच आहे. कार्यक्रमाची तिकिटं त्याच्या कितीतरी आधी विक्रीला येतात. तिकीट आधी घेतलं आणि व्हिसा नाकारला, तर पैसे गेले. व्हिसा हातात आल्यावर तिकीट घेऊ म्हटलं, तर चांगल्या जागा संपलेल्या. विमानाचं तिकीट व्हिसाआधी काढू नका, असं ब्रिटिश सरकारच सांगतं, ते पटतं. पण कार्यक्रमाच्या तिकिटाचं काय? ते अर्जासोबत जोडल्याने फायदा होतो का? दादाचं स्वतःचं दुकान आहे, त्यामुळे नोकरीचं पत्र नाही. आयकर विवरणपत्र आणि बँकेचे कागद त्याला पुरतील का? इंग्लंडमधल्या तिकीट विक्रीच्या साइटवर आपलं भारतीय कार्ड आणि मोबाइल नंबर चालतो का, हेही कुणी करून बघितलं असेल तर लिहा.

दुसरा प्रश्न बसण्याचा. दादाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, तीन तास उभं राहणं त्याला जमणार नाही. तिथल्या थिएटरात खालच्या खुर्च्या घेतल्या तरी ओळखीची धून लागली की सगळे नाचायला उठतात, असं ऐकलंय. मग शिवाजी मंदिरात नाटकाला घेतो तशी बाल्कनी घ्यावी का? की वरपर्यंत आवाज नीट पोचत नाही? कानात घालायला बोळे न्यावेत का?

आणि ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय त्यांना एक खास विनंती. त्यांच्या 1981च्या अल्बमवर मेलोट्रॉन हे पियानोसारखं पट्ट्यांचं वाद्य आहे. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली आवाज भरलेली टेपची एक फीत असते, पट्टी दाबली की ती फिरते आणि आठेक सेकंदांत संपते. त्या फितीतला कोरस किंचित थरथरतो. त्या थरथरीसाठी मी ती गाणी पुन्हा पुन्हा लावते. तो आवाज आता मंचावर कशातून काढतात? बँडमधले मार्टिन कूपर आणि पॉल पट्ट्यांवर वाजवताना दिसतात, की बराचसा भाग आधीच भरून ठेवलेला असतो?

लंडनच्या युस्टनहून लिव्हरपूलची गाडी सव्वादोन तासांच्या आसपास घेते, तेव्हा लंडनला उतरून तसंच पुढे जायचा विचार आहे. राहायला स्टेशनजवळ बघावं की नदीकडच्या बाजूला? रात्री कार्यक्रम सुटल्यावर दादाला चालत आणायचंय, त्या हिशेबाने सांगा. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत पुढचा कठडा नजरेच्या आड येतो का, हेही तिथे कुणी बसलं असेल तर जरूर लिहा.