चर्चा : चिमण्यांचा धूर थांबला तर समुद्र लोहावाचून उपाशी राहील?

संत्रानगरी_रसायन :
सहारातून उडणाऱ्या धुळीत वजनाने साधारण ३.५ टक्के लोह असतं. पण ताज्या धुळीतल्या लोहापैकी पाण्यात विरघळतं ते जेमतेम टक्काभर. बाकीचं हेमॅटाइट, गोथाइट आणि चिकणमातीच्या खनिजांत अडकलेलं, वनस्पतीप्लवकांच्या, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या, लोहावर वाढणाऱ्या आणि कार्बन शोषणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींच्या काही कामाचं नाही. ते सुटतं वाटेत. कण हवेत असताना त्यांच्यावर सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल चढतं, हवेतलं ऑक्झॅलेट हे सेंद्रिय संयुग लोहाला ओढून बाहेर काढतं, उन्हात फेरिक लोहाचं फेरस, म्हणजे जास्त विरघळणारं रूप होतं. या आम्लांचा मोठा वाटा कोळशाच्या धुरातून येतो. शिवाय त्या धुरातलं स्वतःचं लोह धुळीतल्यापेक्षा जास्त विरघळतं. म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रांसाठीचे २०१५ चे सल्फर डायऑक्साइडचे मूळ नियम (२०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातल्या यंत्रांच्या सक्तीतून सूट मिळाली) सगळीकडे नीट पाळले, तर समुद्राला लोह कमी, प्लवक कमी, कार्बनचं शोषणही कमी. गंधक काढायची यंत्रं लावा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब केलाय?

राखडशेजारी :
काहून भाऊ, आमच्या फुप्फुसाच्या भरवशावर समुद्राला जेवू घालता का? गच्चीवर कुरडया वाळत घालून पाहा एकदा, संध्याकाळी किती राखड झटकावी लागते ते.

बर्डीवाला :
रसायन मान्य आहे, नकाशा पाहिला नाही तुम्ही. लोहाची खरी चणचण आहे अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात, विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये आणि पॅसिफिकच्या उत्तर टोकाला. तिथे नायट्रेट, म्हणजे प्लवकांचं दुसरं खत, शिल्लक पडून असतं. अरबी समुद्रावर अरबस्तानातली धूळ पडतेच, बऱ्याच भागात आधी नायट्रेट संपतं. विदर्भातल्या धुरातून बनलेला सल्फेट आठवडाभरात पावसाने धुऊन निघतो, तो अंटार्क्टिकापर्यंत काय पोचणार! आणि हिमयुगात दक्षिण महासागरावर आजच्या कैक पट धूळ पडत होती, तेव्हा कोणत्या चिमण्या होत्या?

संत्रानगरी_रसायन :
ती हिमयुगातली धूळ मुख्यतः दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या पॅटागोनियाची, हिमनद्यांनी नुकत्याच दळलेल्या खडकाची. त्यात फेरस लोह भरपूर, आम्लाची तेवढी गरजच नाही. सहाराची माती शतकानुशतकं झिजलेली, तिला लागते. विदर्भाचं सोडा, मी चीनच्या धुराबद्दलही बोलतोय. तो गोबी वाळवंटाच्या धुळीसोबत थेट उत्तर पॅसिफिकवर जातो.

बर्डीवाला :
बरं, लोह पोचलं समजू. पुढे? २००९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनांबरोबर लोहाफेक्स प्रयोग केला. ‘पोलारस्टर्न’ जहाजातून दक्षिण अटलांटिकमध्ये लोह टाकलं. प्लवक वाढलं, पण पाण्यात सिलिका फारशी नव्हती, त्यामुळे डायटम, म्हणजे सिलिकेचं कवच असलेलं प्लवक, फोफावलं नाही. जे वाढलं ते कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या प्राण्यांनी खाल्लं. कार्बन खोलवर फारसा गेलाच नाही.

संत्रानगरी_रसायन :
सोयीचा प्रयोग निवडलात. २००४ च्या आयफेक्स या अशाच लोह टाकण्याच्या प्रयोगात सिलिका होती. डायटम वाढले आणि त्यांतला किमान निम्मा भाग हजार मीटरखाली बुडाला. ऑस्ट्रेलियातल्या २०१९-२० च्या वणव्यांनंतरही दक्षिण महासागरात प्लवक केवढं फुललं होतं! तिथे तर लोह धुरातूनच गेलं.

बर्डीवाला :
म्हणून कोणी वणवे पेटवा म्हणालं नाही. २०१३ मध्ये लंडन प्रोटोकॉल या समुद्रात टाकाऊ वस्तू टाकण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराची दुरुस्ती मंजूर झाली, तिच्यानुसार समुद्रात लोह टाकायचं तर फक्त संशोधनासाठी आणि तेही तपासणीनंतर. जहाजासाठी एवढी अट ठरवली, आणि चिमणीला तुम्ही समुद्राची अन्नदाती म्हणून सूट मागताय.

संत्रानगरी_रसायन :
सूट मागत नाही, हिशेब मागतोय. हवा साफ करण्याच्या फायद्याच्या आकड्यात समुद्राची ही वजाबाकी दिसली पाहिजे.

राखडशेजारी :
मांडा ना बाप्पा. आधी यंत्र बसू द्या, मग बसून करू वजाबाकी.