ई-पुस्तकाचे कुलूप काढणे, आणि ते कसे काढावे हे लिहिणे

गोदाकाठ:
नाशिकला कॉलेज रोडजवळ आम्ही काही जण अंध विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांची पुस्तके वाचून दाखवतो. अलीकडे एका विद्यार्थिनीने इतिहासाचे ई-पुस्तक रीतसर पैसे भरून घेतले, परंतु त्याला लावलेल्या डिजिटल कुलपामुळे तिचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) त्यातले एक अक्षरही वाचत नाही. विक्रेत्याला दोनदा लिहिले. दोन्ही वेळा एकच साचेबंद उत्तर आले. आमच्यातील एकाला ते कुलूप काढता येते. तसे केल्यास गुन्हा होतो का? आणि ही कृती मराठीत लिहून प्रसिद्ध केली, तर ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसते का?

पंचवटीतील वकील:
पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे. मात्र ती केवळ कुलूप तोडल्याबद्दल नसून, कायद्याने दिलेल्या हक्कांचा भंग करण्याच्या उद्देशाने तोडल्याबद्दल आहे. जे काम कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध केलेले नाही, त्यासाठी कुलूप काढण्यास हेच कलम मोकळीक देते. त्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये झेडबी हा खंड आला, ज्यानुसार अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात प्रत करणे हा कॉपीराइटचा भंग नाही. ही दोन कलमे एकत्र वाचली की तुमची विद्यार्थिनी सुरक्षित ठरते. तीच फाइल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांना पाठवली, तर मात्र हा बचाव टिकणार नाही.

कलम ६५अ मधील एक परंतुक, म्हणजे मोकळीकीला जोडलेली अट, सहसा कोणी वाचत नाही. दुसऱ्याला कुलूप काढण्यास साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळखीसाठी आवश्यक तपशील आणि प्रयोजन यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे. तुम्ही त्यासाठी एक वही ठेवाच.

अंबडचा प्रोग्रामर:
वकीलसाहेबांनी ज्या परंतुकाचा उल्लेख केला, तिथेच माझी हरकत आहे. समोर बसलेल्या विद्यार्थिनीची नोंद ठेवता येईल, पण लेख वाचणाऱ्या अनोळखी माणसांची नोंद कोण आणि कशी ठेवणार? लेख हे साहाय्य धरले, तर लिहिणेच अशक्य होते.

अमेरिकेत हा वाद आधीच होऊन गेला आहे. तेथील १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडण्याची साधने पुरवण्यावरही बंदी आहे. डीव्हीडीचे कुलूप उघडणारा प्रोग्राम प्रसिद्ध करणाऱ्या एका नियतकालिकाविरुद्ध खटला चालला, आणि २००१ मध्ये अपील न्यायालयाने प्रोग्रामचा कोड हीसुद्धा अभिव्यक्ती असल्याचे मान्य करूनही, तो काम करणारे यंत्र आहे या कारणाने बंदी कायम ठेवली. त्याच वर्षी दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रोग्रामरला लास व्हेगासमधील परिषदेतील भाषणानंतर अटक झाली. त्याच्या कंपनीचा प्रोग्राम ई-पुस्तकांचे कुलूप काढत असे. पुढे डिसेंबर २००२ मध्ये ज्यूरीने कंपनीला निर्दोष ठरवले. पण अटक व्हायची ती होऊन गेली होती.

पंचवटीतील वकील:
हरकत रास्त आहे. अमेरिकेप्रमाणे साधनांवर सरसकट बंदी आपल्या कलमात नाही, ही जमेची बाजू. शिवाय संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची कारणे मोजून दिली आहेत, आणि त्यांत कॉपीराइटचा उल्लेख नाही. गुन्ह्यास चिथावणी हे कारण आहे. इंटरनेटवरील अभिव्यक्तीविषयीच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने चर्चा, समर्थन आणि चिथावणी यांत फरक करून चिथावणीच्या पायरीवरच निर्बंध लागू होतो असे म्हटले. म्हणून कुलूप कसे चालते, कायदा काय म्हणतो, त्यात काय चुकते, यावर मनमोकळे लिहा. तयार प्रोग्रामची लिंक आणि ‘आता पुस्तके विकत घ्यायची गरज नाही’ असा मथळा एकत्र आला, की उद्देशाचा पुरावा तुम्हीच लिहून दिलात असे होईल.

गोदाकाठ:
दोघांचेही आभार. लेखात कायदा आणि कुलपाची रचना समजावून सांगेन, प्रोग्राम देणार नाही. वही आजच सुरू केली. नाव-पत्ता लिहून घेताना मला संकोच वाटला, तेव्हा ती विद्यार्थिनीच म्हणाली की परीक्षेला लेखनिक मिळवण्यासाठी तिला याहून कितीतरी जास्त कागद द्यावे लागतात.