विषय: पैठणचा दिवस एकादशीला आलाय, जेवणाचं काय?

प्रेषक: मंदा (सहल समिती)

मंडळी, 42 जणांची बस पक्की झाली. आता नवा घोळ. नाथसागराचा, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा दिवस नेमका एकादशीला आलाय. दिवस हलवता येणार नाही, कारण अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, तेवढं जुळवून उरलेला हा एकच. उपासाचे 11, मासे पाहिजेतच म्हणणारे 15, बाकीच्यांना काहीही चालतं. त्यात 9 लहान मुलं. सगळ्यांना एकाच ठिकाणी बसता येईल अशी जागा सुचवा. मागच्या सहलीसारखी तीन टोळकी नकोत.


प्रेषक: दत्ता

मंदाताई, एकाच ठिकाणी हा हट्ट पहिलं सोडा. सकाळी हुरडा, दुपारी जेवण, असं धरा.

हुरडा बिडकीन-ढोरकीनच्या पट्ट्यात रस्त्यालगतच्या शेतात. पण आधी फोनवर विचारा, ज्वारी कधी पेरली? डिसेंबरअखेर हुरडा पाहिजे तर पेरा सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातला पाहिजे. दसऱ्यानंतरच्या पेऱ्याचा दाणा तेव्हा नुसता पाणी असतो. दाण्यात नख दाबून बघायला सांगा. पाणी उडालं तर कच्चा, नख रुतलंच नाही तर गेला, घट्टसर चिकट दूध आलं तर बरोबर. जात गुळभेंडी किंवा सुरती. साधी मालदांडी देऊन "हुरडाच आहे" म्हणणारे लई.

आगटीत गोवऱ्यांचा नुसता निखारा पाहिजे. जाळ असला की वरचं कूस जळतं अन् आतला दाणा कच्चा राहतो. कणीस तोडल्यावर तासाभरात भाजलं, चोळलं अन् गरम खाल्लं तर त्याला हुरडा म्हणायचं. पुढं जेवण असेल तर माणशी 150 ग्रॅम पुष्कळ, नसेल तर पाव किलो. सोबत शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, गूळ, दही. वरून गार पाणी पिऊ देऊ नका पोरांना, ताक द्या.


प्रेषक: शोभाकाकू

हुरडा म्हणजे ज्वारी. उपासाला चालत नाही. त्या 11 जणांनी आगटीभोवती बसून काय करायचं?


प्रेषक: रमेश

काकू, कोवळा दाणा पुरतं धान्य झालेला नसतो. कित्येक घरी चालवून घेतात.


प्रेषक: शोभाकाकू

त्या घरी वरणभातही चालवून घेत असतील.

मंदा, उपासाचं माझ्याकडं सोपव, मागंही मीच पाहिलंय. बाहेरच्या नाथांच्या, म्हणजे समाधीच्या बाजूला एकादशीला फराळाचं मिळतं, पण गर्दीत 11 जणांना एकदम बसायला जागा मिळेल याचा भरवसा नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागेल. भगर पाऊण किलो, शेंगदाण्याच्या आमटीला कूट 400 ग्रॅम, उकडलेली रताळी दोन किलो. भगरीच्या पिठाच्या भाकरी कोणी देत असेल तर घेऊ नका. सुटं पीठ किती दिवस पडलंय कळत नाही, बुरशी धरलेल्या पिठानं माणसं दवाखान्यात जातात. सबंध भगर डोळ्यांदेखत निवडून, धुऊन शिजवलेली बरी. फोडणीत हळद नको हे आधीच बजावा, नाहीतर सवयीनं टाकतात.


प्रेषक: सलीम

माशांबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. नाथसागरात जाळी संध्याकाळी टाकतात, पहाटे काढतात. ऑर्डर आदल्या संध्याकाळी दिली तर सकाळचा ताजा मासा बाजूला ठेवतात. दुपारी दीडला जाऊन "काय आहे?" विचारलं तर बर्फातला उरलासुरला ताटात येतो. डोळा आत गेलेला, कल्ला तपकिरी असेल तर घेऊ नका.

मुलांना रोहू देऊ नका. त्याच्या पाठीच्या मांसात दोन टोकांचे बारीक काटे असतात, तळल्यावरही जात नाहीत. मुलांसाठी मरळ, नाहीतर चिलापी उभ्या चिरा देऊन तळलेली. रोहू-कटलाच असेल तर पोटाकडचे तुकडे मागा, तिथं फक्त मोठ्या बरगड्या असतात. मोठ्या माणसाला अख्ख्या माशाचा हिशोब पाव किलो, साफ केल्यावर त्यातला साधारण दोन तृतीयांश उरतो. 15 जणांना चार किलो सांगा. धरणाच्या माशाला कधी मातकट वास येतो, तो शेवाळाचा. हळद-मीठ आणि चिंचेचं पाणी लावून अर्धा तास ठेवलं की बराच जातो. हेही आधीच सांगा, ऐनवेळी ढाब्यावर कोणी थांबत नाही.

आणि रात्री संभाजीनगर शहरात नान-खलिया, म्हणजे नानसोबत मांसाचा रस्सा, आहेच. तिथं ऑर्डरआधी "मटणाचा का बड्याचा (म्हशी-रेड्याचा)?" हे स्पष्ट विचारा. दोन्ही मिळतात अन् तरी आली की दिसायला सारखेच.


प्रेषक: रमेश

सलीमभाई, एकादशीला रात्री खलिया?


प्रेषक: सलीम

रमेशराव, सकाळी हुरडा उपासाला चालवणारे तुम्हीच ना? बाकीच्या 31 जणांसाठी लिहिलंय.


प्रेषक: स्वप्नील

मी सुचवू का? आपणच किटली, शेगडी, पोहे घेऊन पाण्याच्या काठावर बसू. पक्षी बघत नाश्ता. खर्चही वाचतो.


प्रेषक: दत्ता

स्वप्नील, बाबा, नको. 1986 पासून ते पक्षी अभयारण्य आहे. काठावर आग पेटवायची नाही. शिवाय 42 जणांचा गोंगाट झाला की रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पार तिकडच्या काठाला. पक्षी बघायचे तर सातच्या आत पोचायचं, गुपचूप तासभर बघायचं, मग हुरड्याला मागं यायचं. चहा बसमध्ये थर्मासातला.


प्रेषक: मंदा

हे सगळं ठीक. पण दुपारी भाकरी की पोळी ते सांगा. ढाबेवाला म्हणतो 42 जणांना भाकरी "बगू".


प्रेषक: शोभाकाकू

"बगू" म्हणजे नाही. गणित कर. एका चुलीवर एक बाई तासाला 25 ते 30 भाकरी करते. उपासाचे वगळून 31 जण, मुलांची अर्धी धर, माणशी दोन, म्हणजे 50-55. एका चुलीवर दोन तास. दोन चुली अन् दोन बाया असतील तर तासात होतात. एक किलो पिठाच्या 10 भाकरी धर, साडेपाच किलो पीठ. आधी करून फडक्यात गुंडाळल्या तर तासभर मऊ राहतात, पुढं कडक. पीठ जुनं असलं की भाकरी थापतानाच चिरते, म्हणून ताजं दळलेलंच असल्याचं विचार. पहिल्या पंगतीला मुलं अन् मासेवाले बसव, त्यांना वेळ लागतो.

आणि मासे अन् फराळ एका स्वयंपाकघरातून नको. तळणाचं तेल तेच वापरतात. फराळ गावात, मासे ढाब्यावर. तीन टोळकी नको म्हणालीस, दोन तरी होणारच.


प्रेषक: दत्ता

काकूंशी सहमत. दोन्ही ठिकाणांत अंतर थोडं आहे. बसनं आधी 11 जण नाथांकडं उतरवायचे, बाकीचे ढाब्यावर, दोन तासांनी उलट्या क्रमानं उचलायचे. ड्रायव्हरचं जेवण विसरू नका, तो उपासाचा आहे का तेही विचारा.


प्रेषक: मंदा

ठरलं तर. हुरड्यात उपासाचे फक्त गूळ-दही-ताक घेतील, हुरड्याला नाव 31. फराळ शोभाकाकू, मासे सलीमभाई, शेत दत्ता. ज्यांनी अजून आपण कशात आहोत ते कळवलं नाही त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, नंतर नाव बदलून मिळणार नाही.


प्रेषक: स्वप्नील

मंदाताई, एक राहिलं. शेतापर्यंत बस जाते का? 42 सीटची गाडी पाणंदीत वळत नाही.


प्रेषक: दत्ता

जात नाही. डांबरी सोडून अर्धा किलोमीटर चालायचं. आजीआजोबांसाठी शेतकऱ्याला ट्रॅक्टरची ट्रॉली सांगतो, त्यावर गाद्या टाकायला लावतो.